ऋतू सप्ताह पुरे, मातीचा चौक परत द्या : बालवाड्यांच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
सातारा शहरातल्या बालवाड्या, नर्सऱ्या आणि प्ले-ग्रुप चालवणारे सर्व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकाच शाळेच्या कार्यालयात देण्यासाठी लिहायला घेतलं होतं. पण ज्या परिपत्रकामुळे ते लिहावं लागलं, त्याच धर्तीची परिपत्रकं शहरात आणखीही एक-दोन ठिकाणी निघाल्याचं कळलं. शाळा सुटताना गेटवर नातवंडांची वाट बघत उभे असणारे आम्ही म्हातारे एकमेकांना सगळं सांगतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. म्हणून कुठल्याही शाळेचं नाव न घेता आपणा सर्वांना मिळून लिहितो आहे आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितो आहे.

माझी नात छोट्या गटात आहे. जूनमध्ये तिच्या दप्तरातून एक कागद आला. त्यात तीन सूचना होत्या. जून ते सप्टेंबर मुलांना वर्गाबाहेर नेलं जाणार नाही. शाळेमागच्या मोकळ्या जागेत ‘स्वच्छतेच्या दृष्टीने’ पेव्हर ब्लॉक घालून त्यावर हिरवं कृत्रिम गवत अंथरण्यात येत आहे. आणि ‘ऋतू व हवामान’ हा घटक जुलैमध्ये ‘ऋतू सप्ताह’ घेऊन पूर्ण केला जाईल, पोशाखांची यादी सोबत जोडली आहे. तिन्ही सूचना एकाखाली एक, एकाच कागदावर. पहिल्या दोन सूचनांनी तिसरीतला घटक शिकवायची जागाच काढून घेतली आहे, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मला या विषयात बोलायचा काय अधिकार, असं कुणी विचारेल. मी शिक्षक नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि तिचा मोठा भाग पर्जन्यमापकाशेजारी गेला. रोज सकाळी साडेआठला मापकाचं झाकण काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस पडलेला नसला तरी ‘निरंक’ लिहायला जायचंच. देशभर ही नोंद सकाळी साडेआठलाच होते, आदल्या साडेआठपासून पडलेल्या पावसाची. हे काम करणाऱ्याला एक गोष्ट अंगवळणी पडते : हवामान समजतं ते एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी, रोज उभं राहून. त्याला दुसरी वाट नाही. चार वर्षांच्या मुलालाही नाही.

आता एकेक तक्रार सांगतो.

सगळ्यात आधी मातीचा चौक. शाळेमागे जांभळाच्या झाडाखाली तीस-चाळीस पावलांची मोकळी जागा होती. गेल्या वर्षी नात घरी आल्यावर जे जे सांगायची त्यातलं निम्मं त्या चौकातलं असायचं. पहिल्या पावसानंतर तिथे मखमली लाल मृगाचे किडे निघाले होते. पाच-सहा जणांनी एका किड्याभोवती डोकी भिडवून बैठक मारली होती आणि मावशींनी उठवेपर्यंत कुणी हललं नव्हतं. जुलैत तिथे गांडुळं यायची, कुंपणाच्या भिंतीवर गोगलगाई चढायच्या. आषाढात बेंदराला टीचरनी त्याच चौकातली माती भिजवून मुलांकडून बैल करून घेतले. नातीच्या बैलाला तीन पाय होते, चौथा वाळताना पडला. तो बैल अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. ओली माती चिकटते, फार ओली झाली की हातात थांबत नाही, वाळली की तडकते, हे तिला त्या एका सकाळी कळलं. या वर्षी बेंदूर आला तेव्हा चौकात हिरवी सतरंजी होती आणि मुलांना बैलाचं चित्र रंगवायला दिलं.

कृत्रिम गवत ‘स्वच्छ’ असतं म्हणता. मार्चमधल्या दुपारी त्यावर एकदा अनवाणी उभं राहून बघा. प्लास्टिक मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पेव्हर ब्लॉकवर पडलेलं पाणी सरळ गटारात जातं, खालच्या मातीला फारसं काही मिळत नाही. त्या जांभळाचं पुढे काय होईल, तेही बघावं लागेल.

दुसरी तक्रार पावसात बाहेर न नेण्याची. साताऱ्यात जून ते सप्टेंबर बंदी म्हणजे शाळेच्या वर्षातला चांगला एक तृतीयांश भाग झाला. आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो याचा विचार करा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या माण तालुक्यात, दहिवडीला, तो पाचशेच्या आगेमागे पडतो. मधे आपलं शहर, हजाराच्या आसपास. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढता चढता रिकामे होतात आणि पलीकडच्या पठारावर नुसती सावली टाकत जातात, हे जिथून नुसत्या डोळ्यांनी दिसतं अशा मोजक्या गावांपैकी हे एक. पश्चिमेला यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला आभाळ काळं झालं की थोड्या वेळात आपल्याकडे सर येणार, हे इथल्या भाजीवाल्या मावशींनाही कळतं. नेमकी ती बाजू वर्गाच्या खिडकीतून दिसते, पण पावसाळ्यात खिडक्या बंद असतात.

खिडक्या बंद करून आत काय चाललं होतं, तेही सांगतो, कारण मी ते बघितलं. डबा विसरला म्हणून द्यायला गेलो होतो. बाहेर धो धो सर चालू होती. वर्गात डिजिटल बोर्डवर पावसाचा व्हिडिओ लावला होता आणि स्पीकरमधून पावसाचा आवाज येत होता. बाहेरच्या पावसामुळे तो नीट ऐकू येईना, म्हणून टीचरनी आवाज वाढवला. त्या बिचारीला मी दोष देत नाही. तिला दिलेल्या नियोजनात त्या दिवशी तेच लिहिलेलं होतं.

तिसरी तक्रार ऋतू सप्ताहाची. सोमवारी उन्हाळा : पिवळे कपडे, गॉगल, टोपी. मंगळवारी पावसाळा : निळे कपडे, कागदी छत्री. बुधवारी हिवाळा : पांढरे कपडे, मफलर, कापसाचा बर्फ. गुरुवारी रंगकाम, शुक्रवारी फोटो. सोमवारी सकाळी मी नातीला गॉगल घालून, वरून रेनकोट चढवून, छत्रीत धरून ‘उन्हाळा’ साजरा करायला सोडलं. गेटवरच्या वॉचमनलाही हसू आवरेना. तिने वाटेत विचारलं, “आबा, आज ऊन आहे का?” मी म्हटलं, “शाळेत आहे.” यापेक्षा बरं उत्तर मला सुचलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. चार वर्षांच्या मुलाला ‘काल’ आणि ‘उद्या’ अजून नीट वेगळे करता येत नाहीत. ‘चार महिने’ म्हणजे किती, हे त्याला कुठून कळणार? ऋतू हा मुळात काळाचा धडा आहे : काहीतरी हळूहळू बदलतं, जातं आणि पुन्हा येतं. तीन ऋतू तीन दिवसांत उरकले की त्यातून नेमका काळच निघून जातो. मुलाच्या हाती उरतो तो कपड्यांचा रंग. बरं, या पोशाखांचा खर्च पालकांच्या माथी. आमच्या शेजारच्या रिक्षावाल्याने गॉगल आणि मफलर भर जुलैत कुठून आणले, ते त्यालाच ठाऊक.

चौथी तक्रार पुस्तकाची. आपण दिलेल्या वर्कबुकात ऋतू चार आहेत. शेवटच्यात बर्फाचा माणूस आहे आणि तिसऱ्यात केशरी पानं गळताहेत. पानगळीच्या चित्राखाली ऑक्टोबर छापलं आहे. साताऱ्यात ऑक्टोबर म्हणजे काय असतं? पाऊस सरून ऊन पुन्हा तापलेलं असतं, शेतात सोयाबीनची काढणी चाललेली असते, झेंडूचे ढीग मोती चौकात उतरलेले असतात आणि रानातल्या गवताला तुरे आलेले असतात. आपल्याकडे झाडं ओकीबोकी होतात ती माघ-फाल्गुनात, होळीच्या आसपास. तेव्हाच पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल होतात आणि पिंपळाला तांबूस पालवी फुटू लागते. आपल्या परंपरेत सहा ऋतू सांगितले आहेत, रोजच्या बोलण्यात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन आहेत. चार कुणाचे आहेत?

त्याच वर्कबुकातला गेल्या जानेवारीतला एक प्रसंग. ‘हिवाळ्यात काय दिसते? गोल करा’ असा प्रश्न होता. चित्रं होती बर्फाचा माणूस, स्वेटर, आंब्याचं झाड आणि छत्री. नातीने स्वेटरला आणि आंब्याच्या झाडाला गोल केला. आंब्यावर लाल फुली आली. त्या आठवड्यात आमच्या परसातला आंबा मोहोराने भरला होता. ती रोज संध्याकाळी खाली पडलेला मोहोर फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती आणि त्यावरच्या बारीक माशांना हाकलत होती. पोरीने बघून उत्तर दिलं, पुस्तकाने न बघता. आणि चूक ठरली ती पोर.

बर्फ शिकवूच नका, असं माझं म्हणणं नाही. सातारा हा सैनिकांचा जिल्हा आहे, आपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्याकडेच आहे. आपल्या प्रत्येकाच्या शाळेत एखादं तरी मूल असं निघेल की ज्याचे बाबा किंवा मामा लेहला नाहीतर सियाचीनला असतात. त्या मुलाने घरच्या फोनवर बर्फ बघितलेला असतो. त्याला बोलू द्या, “माझ्या बाबांकडे बर्फ पडतो, आपल्याकडे नाही.” हा बर्फाचा खरा धडा झाला. कापूस चिकटवण्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

पाचवी तक्रार लहान आहे. आपल्या माहितीपत्रकावर ‘नवीन शैक्षणिक धोरणानुसार खेळातून शिक्षण’ असं ठळक छापलं आहे. 2020च्या धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आणि 2022च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने त्या टप्प्यात खेळ आणि परिसर यांवर भर दिला, इतकं मी वाचलं आहे. धोरणाचं नाव घ्यायचं आणि खेळायच्या जागेवर ब्लॉक बसवायचे, हे जुळत नाही. शिक्षण हक्क कायदा लागू होतो सहाव्या वर्षापासून. त्याआधीच्या मुलांना रोज काय करायला लावायचं, ते बरंचसं आपल्याच मर्जीवर चालतं. मर्जी मोठी म्हणून जबाबदारीही मोठी.

आणि हे सगळं परदेशातून आणायचं खूळ आहे, असंही कुणी म्हणू नये. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांना सोबत घेऊन कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचं काम उभं केलं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची शिकवायची साधनं होती. शाळा पाड्यावरच्या अंगणात भरायची. जी मुलं गुरं घेऊन रानात जायची, त्यांच्यामागे कुरणात शाळा जायची. त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी हे केलं, असं मानणाऱ्यांनी त्यांचं काम पुन्हा एकदा नीट वाचावं.

आता आपण विचाराल, बाहेर नेऊन करायचं तरी काय? मी घरी नातीबरोबर जे करतो, त्यातलं थोडं सांगतो. या सगळ्याला मिळून एका वर्षाच्या पोशाखांइतकाही खर्च येत नाही.

एक सरळ उभ्या बाजूंची, सपाट तळाची प्लास्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, कडांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे हात कापत नाही. बाहेरून मोजपट्टी चिकटवायची आणि बाटली झाडापासून लांब, मोकळ्यावर, दोन विटांच्या आधाराने जमिनीपासून फूटभर उंच ठेवायची, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जात नाहीत. सरकारी मापकाचं तोंडही जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर असतं, ते याच कारणासाठी. मुलांना मिलीमीटर वाचता येत नाहीत, यायलाही नकोत. त्यांनी पाणी आलंय तिथे बोट लावायचं आणि मोठ्यांनी तेवढ्या उंचीची निळी पट्टी कागदावर चिकटवायची. महिन्याच्या शेवटी पट्ट्यांची एक रांग तयार होते. त्यात कुठली पट्टी सगळ्यात उंच, कुठे काहीच नाही, हे न शिकवता दिसतं. मोठ्या गटाला आणखी एक खेळ दाखवता येईल. फरशीवर खडूने मीटरभर लांब-रुंद चौकोन आखून त्यात एक लिटर पाणी सारखं पसरायचं. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर तेवढं पाणी. बातम्यांत ‘साठ मिलीमीटर’ ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे तशा साठ बाटल्या येतात?

ओल्या रुमालाचा खेळ माझ्या नातीचा सगळ्यात आवडता. प्रार्थनेच्या वेळी रुमाल भिजवून, पिळून दोरीवर टाकायचा आणि डब्याच्या सुट्टीत हात लावून बघायचा. मार्चमध्ये तो कधीच कडक वाळलेला असतो. जुलैत शाळा सुटेपर्यंत ओलाच, दुसऱ्या दिवशीही त्याला कुबट वास. डिसेंबरमध्ये वाळतो, पण हाताला गार लागतो. हवेत ओल असणं म्हणजे काय, हे यापलीकडे त्या वयात कळायची गरज नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटणं आणि लाकडी दार फुगून घट्ट बसणं हे त्याच धड्याचे पुढचे भाग. ते घरोघरी फुकट मिळतात.

थंडीसाठी खोबरेल तेलाची बाटली. वर्गाच्या खिडकीत ठेवून द्यायची, बस्स. साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली तेल गोठायला लागतं. नोव्हेंबरात एके दिवशी सकाळी ते पांढरं झालेलं दिसतं आणि डबा खाईपर्यंत पुन्हा पातळ होतं. डिसेंबरात दिवसभर घट्ट राहायला लागतं. मुलं शाळेत आल्या आल्या आधी बाटलीकडे धावतील, हे मी लिहून देतो. उन्हाळ्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या, एकीला ओला फडका गुंडाळलेला, दुसरी उघडी. कुठल्या बाटलीतलं पाणी गार लागतं ते मुलांनी चाखून सांगायचं आणि मग वर्गातल्या माठाला हात लावून बघायचा.

सावलीचा खेळही तसाच. एका मुलाने एकाच खुणेवर उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने सावली आखायची. सकाळी एकदा, शाळा सुटताना एकदा, दर महिन्याला. डिसेंबरमधली सावली लांबलचक, मार्चमधली आखूड. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात एक दिवस असा येतो की ऐन मध्यान्ही सरळ उभ्या काठीला सावलीच राहत नाही. तेव्हा शाळेला सुट्टी असते, पण निरोप देऊन ठेवलात तर घरोघरी मुलं गच्चीत उभी राहतील. दुसऱ्यांदा तो दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. त्या वेळी ढग सूर्य दिसू देतील तर शपथ.

याखेरीज हस्ताचा पाऊस सुरू झाला की पाटावर हत्ती काढून फेर धरायचा हादगा आहे, संक्रांतीचं बोरन्हाण आहे, हुरडा आहे, नागपंचमीचा झोका आहे. आपल्याकडे सण आणि हवामान वेगळे करताच येत नाहीत. पण सणाच्या दिवशी नुसता पोशाख आणि फोटो करून थांबलात, तर त्याचाही ऋतू सप्ताह होईल.

हे रोज बघणं का हवं, याचं आणखी एक कारण आहे. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली तो 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. शाळा उघडायच्या कितीतरी आधी रानं हिरवी झाली होती. ‘मे म्हणजे उन्हाळा, जून म्हणजे पावसाळा’ असं पाठ केलेल्या मुलाचं उत्तर त्या वर्षी चुकलं. आज जी मुलं छोट्या गटात आहेत, त्यांच्या वाट्याला अशी वर्षं अधूनमधून येतच राहणार. त्यांना पाठ केलेल्या तारखांपेक्षा बघायची सवय उपयोगी पडेल.

आपली अडचण मला समजत नाही असं नाही. मूल शिंकलं की पालक फोन करतात, युनिफॉर्मवर चिखलाचा डाग पडला की ग्रुपवर फोटो येतो. तेव्हा इथे पालकांनाही दोन शब्द. सर्दी होते ती विषाणूंमुळे. खिडक्या लावून तीस मुलं एका खोलीत चार तास बसवली की ती पसरायला जास्त सोपं जातं. रेनकोट आणि गमबूट घालून दहा मिनिटं पावसात उभं राहिल्याने, आणि आत आल्यावर डोकं पुसून कोरडे कपडे घातल्याने, मुलाचं काही बिघडत नाही. खरी भीती विजेची, आणि ती धरलीच पाहिजे. पण आपल्याकडे विजा जास्त कडाडतात त्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टची संततधार बहुतेक वेळा मुकाट पडते. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप टीचरच्या फोनवर असू द्या आणि गडगडाट ऐकू आला की सगळे आत. हा नियम मुलं तुमच्याआमच्यापेक्षा लवकर पाळायला शिकतील.

टीचर आणि मावशींबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. तीस मुलांमागे एक टीचर आणि एक मावशी देऊन ‘बाहेर न्या’ म्हणणं अन्यायाचं आहे. मी जे मागतो आहे त्याचा भार त्या दोघींच्या अंगावर टाकू नका. त्यासाठी माणूस वाढवा.

आमच्या मागण्या अशा. शाळेमागचं कृत्रिम गवत आणि ब्लॉक सगळे काढणं जमत नसेल, तर निदान झाडाच्या बाजूचा दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा मोकळा करून तिथे पुन्हा माती टाकावी आणि दिवाळीच्या सुट्टीत हे काम पूर्ण व्हावं. प्रत्येक गटाला वर्षभर रोज दहा मिनिटं बाहेर न्यावं. विजा, वादळी वारा आणि भर दुपारचं कडक ऊन असेल तर नेऊ नये, एवढाच अपवाद. ‘ऋतू सप्ताह’ आणि त्याचे पोशाख पुढच्या वर्षापासून बंद करावेत. वर्कबुकातली ऋतूंची पानं बदलून घ्यावीत, आणि छापून येईपर्यंत त्या पानांवर चूक-बरोबरच्या खुणा करू नयेत. बाहेरच्या वेळेसाठी प्रत्येक वर्गाला एक जादा मदतनीस द्यावी. पालकांनी एक कोरडा जोड शाळेत ठेवावा आणि चिखलाबद्दल तक्रार करणार नाही असं लिहून द्यावं. त्या कागदावर पहिली सही मी करतो.

यातलं एकही काम एवढं खर्चाचं नाही की त्यासाठी फी वाढवावी लागेल. आणि कुणी तसं सुचवलंच, तर गवताचं आणि ब्लॉकचं बिल पालकसभेत वाचून दाखवावं, अशी मागणी मी करेन.

माझ्याकडून होईल ते मी करतो. बाटलीचे पर्जन्यमापक मी स्वतः तयार करून देईन, ज्या शाळेला हवे असतील त्या प्रत्येक शाळेला. साडेआठच्या नोंदीची सवय अजून सुटलेली नाही, त्यामुळे सुरुवातीला टीचरसोबत उभं राहायलाही येईन. आमच्या गेटवरच्या मंडळींत एक निवृत्त कृषी सहायक आहेत, एक माळी आहेत. झाडांचं आणि मातीचं काम दोघं बघतील. बोलवायचं तेवढं बोलवा.

पुढची पालकसभा गणपतीच्या सुट्टीनंतर आहे. त्याआधी आपलं उत्तर लेखी कळावं, म्हणजे सभेत नुसता वाद न होता पुढचं ठरवता येईल.

आपला,
छोट्या गटातल्या एका मुलीचा आजोबा
सातारा